पाण्याची सेवा
(दिंडीच्या शतकमहोत्सवी सोहळ्यात मालगुंड येथे केलेले भाषण)

मंडळानं मला विषय दिला आरोग्याचा. मी म्हटलं, अहो, शंभर वर्षांचा सोहळा आहे, चार शब्द नामाचे बोलू द्या. तर अध्यक्ष म्हणाले, "बुवा, नामावर बोलणारे पुष्कळ आहेत. तुम्ही पाण्यावर बोला. तुम्हीच बोलायला हवं." ते असं का म्हणाले ते जुन्या मंडळींना माहीत आहे. बाकीच्यांना आता सांगतो.

मी तेव्हा तिशीचा होतो. आपली दिंडी कार्तिकीची. आषाढात कोकणातला शेतकरी लावणीच्या चिखलात असतो, त्याला कुठली वारी? म्हणून भात झोडून झालं की आपण निघतो. त्या वर्षी आंबा घाट चढून वर गेलो, पुढं दोन-तीन मुक्काम झाले. पाण्याची सेवा माझ्याकडे होती. मुक्कामाला पोचलं की गावातली विहीर शोधायची, कळशीनं पाणी आणून पत्र्याच्या पिंपात भरायचं आणि पंगतीला तांब्यानं वाढायचं. पिंपाला नळ नव्हता. पाणी तळाला गेलं की तांब्या बुडवताना हात कोपरापर्यंत आत जायचा. तो हात कसला? पहाटे शेताकडे जाऊन आलेला, तिथल्याच मातीनं चोळून धुतलेला. नखं वाढलेली. मी थंड पाण्यानं आंघोळ करायचो, गोपीचंदन लावायचो, धूतवस्त्र नेसून पाणी वाढायचो, आणि मनात म्हणायचो की एवढ्या सोवळ्यानं पाणी कोण सांभाळतो!

एका रात्री नऊ-दहा जणांना जुलाब-उलट्या सुरू झाल्या. त्यात माझी थोरली आत्या होती. तिची ती बारावी की तेरावी वारी. तिला सगळ्यात जास्त. भाताच्या पेजेच्या निवळीसारखे पांढरे जुलाब, एकामागून एक. ती पाणी मागत होती. "बाबू, घोटभर पाणी दे रे," म्हणत होती. मी दिलं नाही. पाण्यानं ढाळ वाढतात, पोट कोरडं ठेवायचं, असंच आमच्या घरात सांगत आलेले. नुसते ओठ तेवढे ओले केले. पहाटेपर्यंत तिचे डोळे खोल गेले, पायात गोळे आले, बोटांची कातडी सुरकुतली. जीपगाडी मिळेपर्यंत उजाडलं. दवाखाना दिसायला लागला आणि ती गेली.

तिथले डॉक्टर मला रागावले नाहीत. एवढंच विचारलं, "पाणी पाजलं होतं का?"

उरलेल्या वाटेवर तिची तुळस तिच्या सुनेनं डोक्यावर घेतली.

ते दुखणं विहिरीच्या पाण्यातून आलं की माझ्या हातानं आलं, ते विठ्ठल जाणे. पण हात माझा त्या पिंपात बुडला होता आणि पाणी मी नाकारलं होतं. एवढं मला स्वतःला माहीत आहे, आणि तेवढ्यासाठी मी आज इथं उभा आहे.

आता नीट ऐका. जुलाबाचा माणूस दगावतो तो बहुतेक वेळा अंगातलं पाणी आणि मीठ निघून गेल्यामुळं दगावतो. आंब्याच्या कलमाला उन्हात पाणी मिळालं नाही तर काय होतं ते तुम्ही पाहता. मूळ कीड लागल्यामुळं असेल, पण झाड आधी सुकून मरतं. मग पाणी द्यायचं की तोडायचं?

नुसतं पाणी दिलं तर पोटात ठरत नाही, हे खरं. पण त्यात थोडं मीठ आणि थोडी साखर असली की साखर मिठाला आतड्यातून आत ओढते आणि मिठामागनं पाणी जातं. ही गोष्ट मोठ्या प्रमाणावर करून दाखवली डॉक्टर दिलीप महालनबीस या बंगाली माणसानं. १९७१ साली बांगलादेशातून लाखो निर्वासित भारतात आले. पश्चिम बंगालमध्ये बनगाव म्हणून ठिकाण आहे, तिथल्या छावणीत कॉलऱ्याची साथ आली. माणसं जमिनीवर पडलेली, शिरेतून द्यायच्या सलाईनच्या बाटल्या संपत आलेल्या. या डॉक्टरांनी मीठ, साखर आणि खायचा सोडा पाण्यात कालवून ते पिंपात भरलं आणि आजाऱ्यांच्या घरच्याच माणसांना सांगितलं, भांड्यानं पाजत राहा. आधी शंभरातली तीसएक माणसं मरत होती, ती चाराच्या आत आली. पाजणारे कोण होते? आया, भाऊ, शेजारी. तुमच्या-आमच्यासारखेच.

म्हणजे बघा, माझी आत्या गेली त्याच्या कितीतरी वर्षं आधी हे औषध निघालं होतं. त्याची पुडी सरकारी दवाखान्यात फुकट मिळत होती. माझ्या पडशीत नव्हती, एवढंच. पडशीत टाळ होते, हरिपाठाची पोथी होती, अबीर-बुक्का होता.

तर ती पुडी, जिला ओआरएस म्हणतात, दिंडीत प्रत्येक कुटुंबाजवळ असली पाहिजे. एक लीटरची पुडी एक लीटर पाण्यात पूर्ण घालायची. अर्धी आज, अर्धी उद्या असं करायचं नाही, कारण मग मीठ-साखरेचं माप चुकतं. केलेलं पाणी चोवीस तासांत संपवायचं, उरलं तर ओतून द्यायचं. पुडी नसेल तर एक लीटर उकळून गार केलेल्या पाण्यात सहा सपाट चहाचे चमचे साखर आणि अर्धा सपाट चमचा मीठ. सपाट म्हणजे बोटानं वरून पुसून सपाट. शीग लावायची नाही. बायका हातानंच मीठ टाकतात आणि त्यांचा हात स्वयंपाकात चुकत नाही हे मला मान्य आहे, पण इथं चमचाच घ्या. मीठ जास्त झालं तर लहान पोराला अपाय होतो. चव घेऊन बघा, डोळ्यांतल्या पाण्यापेक्षा खारट लागता कामा नये.

दर जुलाबामागं मोठ्या माणसाला भांडंभर, लहानाला अर्धी वाटी. उलटी झाली तर दहा मिनिटं थांबायचं आणि पुन्हा चमच्या-चमच्यानं सुरू करायचं. आईनं अंगावरचं दूध बंद करायचं नाही. जेवण तोडायचं नाही. आपल्याकडची मीठ घातलेली पातळ पेज यासाठी फार चांगली. घरोघर होते, आणि आपण ती आजाऱ्याला देतोही, फक्त फार उशिरा देतो. पोराला जुलाब असतील तर जस्ताच्या गोळ्या आरोग्य केंद्रातून आणाव्यात, त्या चौदा दिवस द्यायच्या असतात. जुलाब थांबले म्हणून चौथ्या दिवशी गोळी बंद करू नका. आणि डोळे खोल गेले, लघवी बंद झाली, माणूस गुंगीत गेला, शौचात रक्त दिसलं, तर घरात बसायचं नाही. पाणी पाजत पाजत दवाखान्याकडं निघायचं.

हे झालं दुखणं आल्यावरचं. येऊच नये म्हणून काय?

शंभर वर्षांपूर्वी आपली दिंडी निघाली तेव्हा पटकी जत्रेची पाठ सोडत नसे. पंढरपुरात लागण व्हायची आणि परतणाऱ्या वारकऱ्यांबरोबर गावोगाव पोचायची. लोक मरीआईला नारळ द्यायचे. पुढं सरकारनं टोचणी आणली. माझे वडील सांगायचे, टोचल्याचा कागद दाखवल्याशिवाय पंढरपुरात सोडत नसत, आणि काही वारकरी सुईला भिऊन आडवाटेनं आत शिरत. पण पटकीचा जंतू पाण्यातून फिरतो हे त्याच्याही आधी, १८८४ साली, कॉख नावाच्या जर्मन डॉक्टरनं कोलकात्यात येऊन दाखवलं होतं. तिथल्या एका तळ्याचं पाणी लोक पीत होते आणि त्यातच धुणं धूत होते. त्या पाण्यात त्याला जंतू सापडला. माणसाच्या शौचातला जंतू पाण्यात जातो, पाण्यातून तोंडात येतो. पटकीचं हे, विषमज्वराचं हे, काविळीच्या एका जातीचं हेच.

आमच्यातले एक वडीलधारे मला नेहमी म्हणतात, "माऊलीच्या वाटेवर कुणाला काय होत नाही." दादा, तुमच्या पाया पडून सांगतो, होतं. मी पाहिलंय.

आता जी गोष्ट बोलणार आहे तिचा काहींना राग येईल. चंद्रभागेचं पाणी प्यायचं नाही. माझी चंद्रभागेवरची श्रद्धा तसूभरही कमी नाही, दरवर्षी मी तिच्यात डुबकी घेतो. पण ती भीमा आहे. पुण्या-पिंपरीचं सांडपाणी मुळा-मुठेतून भीमेला मिळतं, ते उजनी धरणात येतं आणि तिथून खाली पंढरपूरला. त्यात आपण लाखो माणसं एकाच वेळी उतरतो. तीर्थ म्हणून ते डोळ्यांना लावा, मस्तकी लावा, बाटलीत भरून देवघरात ठेवा. बाळाच्या तोंडात घालू नका. आजाऱ्याला पाजू नका. देवाला भाव पोचतो, आणि जंतू आपल्या पोटात पोचतो.

दुसरी गोष्ट काल्याची. काल्याच्या दिवशी एका परातीत किती हात असतात? काला म्हणजे भेद मोडणं, सगळ्यांनी एकत्र खाणं, हे मी कीर्तनात शंभर वेळा सांगितलंय आणि पुढंही सांगणार. पण हात धुऊन कालवला म्हणून काला काही बाटत नाही. कालवणाऱ्यानं आधी साबणानं हात धुवावे, नखं कापावी, आणि ज्याला जुलाब किंवा ताप आहे त्यानं त्या दिवशी परातीला हात लावू नये, मग तो विणेकरी असो की मी असो.

साबणानं धुवायचे म्हणजे कसे? आपल्याला पाण्याखाली हात नेऊन झटकायची सवय. नुसत्या पाण्यानं शौचातला तेलकट चिकट अंश निघत नाही, त्याला साबण लागतो. तळवे, हाताची पाठ, बोटांच्या बेचक्या, अंगठा, नखांची टोकं. "रामकृष्ण हरी" सावकाश दहा वेळा म्हणायचं आणि तेवढा वेळ चोळायचं. वीस सेकंद होतात. मी घड्याळ लावून बघितलंय. भजनाच्या द्रुत लयीत म्हणू नका, अभंगाच्या पहिल्या लयीत म्हणा. शौचाहून आल्यावर, पोराचं धुतल्यावर, जेवणाआधी, जेवण वाढण्याआधी आणि गुरांचं आवरल्यावर. साबण पंधरा-वीस रुपयांचा. जाळीच्या पिशवीत घालून ड्रमाच्या कडीला बांधला तर चिखलात पडत नाही आणि कुणी खिशात घालून नेतही नाही.

करोनात आपण हेच शिकलो होतो. २०२० साली माऊलींच्या आणि तुकोबांच्या पादुका एसटीनं पंढरपूरला गेल्या, आपण घरी बसून टीव्हीवर पाहिलं आणि रडलो. तेव्हा दारादारात साबण होता. आता बघा, देवळाच्या पायरीवरची ती बाटली सुकून गेलीय, तिच्यात कुणीतरी उदबत्त्या खोचल्यात.

पाणी साठवायचं ते नळाच्या ड्रमात. नळ नसेल तर लांब दांड्याचं ओगराळं ठेवायचं, आणि ओगराळंही जमिनीवर ठेवायचं नाही, खुंटीला अडकवायचं. वर झाकण. वाटेतलं पाणी कितीही निवळशंख दिसलं तरी क्लोरीनचं औषध घालून अर्धा तास थांबायचं. किती थेंब ते बाटलीवर लिहिलेलं असतं, नातवंडांकडून वाचून घ्या. औषध नसेल तर खळखळून उकळायचं. घरी आपापल्या विहिरीत पंचायत टीसीएल पावडर टाकते, तेव्हा "पाण्याला वास येतो" म्हणून आपण तक्रार करतो. तो वास आला म्हणजे काम झालं असं समजा. मला स्वतःला तो वास आवडत नाही, पण पितो.

आता शौचाचं. लाजायचं कशाला, सगळ्यांनाच जावं लागतं. माझ्या तरुणपणी चंद्रभागेच्या वाळवंटात पहाटे पाय टाकायला जागा नसे. ज्या वाळूला आपण कपाळ लावायचो त्याच वाळूवर आपण ते करायचो. आणि ती घाण उचलत कोण होतं? माणसंच होती. डोक्यावर टोपली घेऊन आपला मैला उचलणारी माणसं. समतेचा अभंग गायचा आणि आपली घाण दुसऱ्याच्या डोक्यावर द्यायची! याची मला फार लाज वाटते. कायद्यानं ते काम आता बंद केलंय, पण आपण उघड्यावर बसलो तर कुणाला तरी ते करावंच लागणार.

गाडगेबाबा आठवा. १८७६ साली अमरावतीकडच्या शेंडगावी जन्मलेला परिटाचा पोर. दिवसभर गावाचा रस्ता, गटार झाडायचा आणि रात्री त्याच गावात कीर्तन करायचा. पंढरपुरात धर्मशाळा बांधली, चोखोबांचं नाव तिला दिलं, पण स्वतः देवळात गर्दी करायला गेला नाही. आम्ही कीर्तनकार त्यांचं नाव घेतो, फोटोला हार घालतो, पण झाडू कोण हातात घेतो? मी माझ्यापासून सांगतो, पन्नाशीपर्यंत मी घरच्या अंगणापलीकडं कधी झाडू मारला नव्हता. २०००-०१ पासून त्यांच्या नावानं ग्रामस्वच्छता अभियान आलं तेव्हा पहिल्यांदा वाडीचं गटार उपसलं, तेही बक्षिसाच्या आशेनं. खोटं कशाला बोलू?

आता पंढरपुरात ६५ एकरच्या तळावर शौचालयं आहेत, पाणी आहे. वाटेवरही फिरती शौचालयं लागतात. ती वापरायची. रांग असते, वास असतो, मान्य. पण तुमच्यानंतरच्याला वास येऊ नये म्हणून डबाभर पाणी टाकायला किती वेळ लागतो?

आणि पुरुष मंडळींनो, एक गोष्ट आपल्या लक्षात येत नाही. दिंडीतल्या बायका दिवसभर पाणी पीत नाहीत. आडोसा मिळणार नाही म्हणून तहान मारतात. मग लघवीला जळजळ, कंबर दुखणं, ताप. मला हे माझ्या सुनेनं सांगितलं, तेही तीन वाऱ्या झाल्यावर. म्हणून मुक्कामाची जागा बघायला दोन माणसं पुढं जातात त्यांत एक बाई असली पाहिजे. ती आधी आडोसा बघेल. पाळीच्या दिवसांतल्या स्वच्छतेबद्दल आपल्या आशाताई बायकांना वेगळं सांगणार आहेत, ते मी बोलण्यापेक्षा त्यांनी बोललेलं बरं.

उंदीर-घुशींचं थोडं बोलतो, कारण ते आपल्या गावाशी निगडित आहे. आपल्या मालगुंडचे कवी केशवसुत. १९९४ साली त्यांच्या घरात स्मारक झालं, कुसुमाग्रज आले होते. बाहेरगावचे लोक ते बघायला येतात. केशवसुत कशानं गेले, किती जणांना माहीत आहे? प्लेगनं. १९०५ साली, हुबळीला. वय अवघं एकोणचाळीस. प्लेग उंदरांच्या पिसवांतून माणसाला व्हायचा. आता आपल्याकडं प्लेग नाही, पण उंदीर आहेत आणि लेप्टो आहे. उंदराचं मूत शेतातल्या पाण्यात उतरतं, आपण अनवाणी चिखलणी करतो, पायाला भेगा आणि कापलेलं असतंच, त्यातून जंतू आत जातो. ताप, पोटऱ्या दुखणं, डोळे लाल. लोक म्हणतात भिजल्याचा ताप आहे, उतरेल. असा ताप अंगावर काढू नका. डॉक्टरांना "मी शेतात उतरलो होतो" हे न विचारता सांगा. जखम झाकून, जमलं तर गमबूट घालून शेतात उतरा. आरोग्य खात्याची माणसं लावणीच्या दिवसांत गोळ्या घेऊन येतात तेव्हा गोठ्यामागं लपू नका. भाताच्या कणगीभोवती रान माजू देऊ नका.

डासांचं तुम्हाला ठाऊक आहे. नारळाच्या करवंट्या पालथ्या करा, आठवड्यातून एक दिवस टाकी कोरडी करा, झालं. घोंगडं एकमेकांचं घेऊ नका, खरूज त्यातूनही पसरते, आणि एकाला झाली तर घरातल्या सगळ्यांनी एकाच दिवशी औषध लावायचं, नाहीतर ती फिरत राहते. डोळे आले तर पंचा वेगळा.

यंदाच्या कार्तिकीला मंडळानं दोन नळाचे ड्रम घेतलेत. एक पिण्याचा, एक हात धुण्याचा, आणि दोन्हींवर वेगळा रंग मारलाय म्हणजे न वाचता येणाऱ्यालाही कळेल. शंभर पुड्या आरोग्य केंद्रातून मिळणार आहेत. पाण्याची सेवा पुन्हा माझ्याकडेच मागून घेतली आहे. माझ्याबरोबर दोन तरुण पोरं हवीत. ज्यांना यायचं असेल त्यांनी सोहळ्यानंतर मला भेटा, येताना नखं कापून या.

ते ड्रम आज आणलेत, पलीकडं फणसाखाली ठेवलेत. प्रसादाची पंगत मांडली आहे. आधी वडीलधारी, मग पोरं, अशी एक रांग लावा. साबण कडीला बांधलाय. दहा वेळा नाम, मग पंगत.

रामकृष्ण हरी.